आता शेतकऱ्याचीही नजर पैसेवारी



कांद्याची लागण चालू आहे, त्यामुळं चार दिवस पेजवर काही टाकलं नाही. या आठवड्यात आमच्या फीडरला लाईट रात्रीची. दिवसा बाया रोपं लावतात, रात्री आम्ही पाणी देतो, आणि मधल्या वेळात जे डोकं शिल्लक राहतं त्यात हे लिहितोय. लांबलंय. तरी वाचा, कारण तुमच्या-माझ्या तोंडी कोण काय घालतंय त्याचा हा विषय आहे.

परवा भाचा आला होता. बहीण भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात दिलेली. पोरगं शिकलं, पुण्यात एका कंपनीत लागलं. कंपनी शेतकऱ्यांसाठी मोबाईल अ‍ॅप बनवते. पाणी कधी द्यायचं, फवारणी कधी घ्यायची, कुठल्या बाजारात काय भाव, असलं सगळं. पोराचं काम काय, तर अ‍ॅप बनवायच्या आधी आणि बनवल्यावर शेतकऱ्याला विचारायचं. तुला अडचण काय आहे, हे बटण कळलं का, पैसे देशील का. याला त्यांच्यात यूजर रिसर्च म्हणतात. काम चांगलं आहे, मला आवडलं. म्हटलं, "मग विचार की. पाच जण बसलेत बांधावर."

"विचारून झालं मामा. पन्नास शेतकरी झाले. पंचवीस शिरूरचे, पंचवीस दौंडचे."

"कुठल्या गावातले?"

पोरगं जरा हसलं आणि लॅपटॉप उघडला. तर मंडळी, ते पन्नासही शेतकरी कॉम्प्युटरमधले. एआयला सांगायचं, तू शिरूर तालुक्यातला शेतकरी आहेस, वय 42, जमीन पाच एकर, ऊस आणि कांदा, शिक्षण दहावी, स्मार्टफोन आहे. मग तो त्या शेतकऱ्याचं सोंग घेऊन उत्तरं देतो. असे पन्नास सोंगाडे एका दुपारी तयार होतात आणि संध्याकाळी अहवाल. चहा-नाष्टा नाही, गाडीभाडं नाही, कुणाच्या कुत्र्याची भीती नाही. एकाला नावही दिलेलं होतं, आडनाव पाटील. अर्थातच.

कंपनीच्या भाषेत हे सिंथेटिक यूजर. मी त्याला बुजगावणं म्हणतो. लांबून माणूस दिसतो, सदरा आपलाच असतो, आत पेंढा.

भाचा म्हणाला, तुम्हीच बोलून बघा. बोललो. अर्धा तास बोललो, मराठीतून. आता जे झालं ते जसंच्या तसं सांगतो, कारण नुसत्या शिव्या घालायला मी बसलो नाही.

पहिला प्रश्न विचारला, पिकाला पाणी कधी देता? बुजगावणं म्हणालं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कारण त्या वेळी बाष्पीभवन कमी होतं. एकदम बरोबर. पुस्तकात हेच आहे, कृषी विद्यापीठाच्या डायरीत हेच आहे. पण अहो, आम्ही पाणी लाईट आल्यावर देतो. थ्री फेज या आठवड्यात रात्री, पुढच्या आठवड्यात दिवसा. त्यातही डीपी उडाला की तीन दिवस काहीच नाही. माझी सकाळ-संध्याकाळ महावितरण ठरवतं, बाष्पीभवन नाही.

दुसरा प्रश्न, कांदा कधी विकता? उत्तर आलं की बाजारभावाचा अभ्यास करून, योग्य दर मिळाल्यावर. वाचून मला आमच्या चुलत्यांची आठवण झाली. त्यांनी गेल्या साली बराखीतला कांदा काढला तो भाव बघून काढला नाही. खालचा थर पाणी सोडायला लागला होता, नातीची फी भरायची होती, आणि शेजाऱ्याचा टेम्पो अर्धा रिकामा जाणार होता. या तीन कारणांनी त्या दिवशी कांदा विकला गेला. भाव दुसऱ्या दिवशी कळला. यातलं एकही कारण अ‍ॅपच्या 'भाव बघा' बटणात बसत नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. महिन्याला नव्व्याण्णव रुपये द्याल का? तर म्हणे, अ‍ॅप उपयुक्त ठरलं आणि उत्पादनात वाढ दिसली तर मी नक्की देईन.

इथं मात्र मी थांबलो, कारण खरा शेतकरीही हेच म्हणेल. माझा चुलतभाऊ तर यापेक्षा जोरात म्हणेल, "देऊ की! शंभराचं काय एवढं!" आणि एक रुपया देणार नाही. आपल्याकडं 'बघू' म्हणजे नाही. 'देऊ की' म्हणजे बहुतेक नाही. 'पोराला विचारून सांगतो' म्हणजे नक्की नाही. 'किती म्हणालात?' असं पुन्हा विचारलं तर मात्र समजावं, गडी खरोखर विचार करतोय. समोर बसलेल्या माणसाला हे कळतं. तो आवाज ऐकतो, नजर कुठं गेली ते बघतो, घरात बायकोनं आतून भांडं आपटलं तेही ऐकतो. कागदावर सगळ्यांचं उत्तर 'हो' असंच उतरतं. बुजगावण्याकडं फक्त कागदावरचा 'हो' आहे. त्याच्या घरात भांडं आपटत नाही.

शेवटी मी बिबट्याचं विचारलं. त्यानं चांगलं उत्तर दिलं हे मान्य करतो. बॅटरी न्यावी, एकट्यानं जाऊ नये, उसाच्या कडेनं सावध राहावं. पण मी विचारल्यावर दिलं. भाच्याच्या पन्नास मुलाखतींत बिबट्याचा शब्द नव्हता, कारण प्रश्नावलीत तो नव्हता. आता 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या पिंपरखेड-जांबूत भागात काय झालं, लेकरं आणि म्हातारी माणसं कशी गेली, लोक रस्त्यावर का उतरले, हे मी या पेजवर पुन्हा सांगायची गरज नाही. त्या काळात शिरूरमधल्या कुठल्याही खऱ्या शेतकऱ्याला तुम्ही अ‍ॅपच्या रंगाबद्दल विचारलं असतं, तर त्यानं तुम्हाला मध्येच तोडलं असतं. "ते राहू द्या हो, आधी दिवसा लाईट कधी मिळणार ते सांगा." हे असं मध्येच तोडणं हाच सर्व्हेतला खरा माल असतो. विचारायला गेलेल्याला जे माहीतच नव्हतं, ते तिथं कळतं. बुजगावणं कधीच तोडत नाही. तुम्ही जेवढं विचाराल तेवढ्याचंच गोड उत्तर. मग तुम्हाला आधीच माहीत असलेल्या गोष्टी तुम्हालाच परत ऐकायला जायचं कशाला?

आता कृषी अधिकारी आणि विद्यापीठातली मंडळी हे पेज वाचतात, त्यांच्यासाठी थोडं मागचं.

आपल्याकडं पीक किती आलं हे ठरवायची जुनी रीत आणेवारीची. रुपयाचे सोळा आणे, सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आणि गावकामगारानं शिवारावर नजर टाकून सांगायचं, औंदा आठ आणे. पुढं तिची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती, वर गेली तर काही नाही. नजर पैसेवारी या शब्दावर आपल्या तालुक्यात किती भांडणं झाली, किती मोर्चे निघाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेतात पाऊल न ठेवता एका माणसाच्या डोक्यात असलेलं पीक कागदावर उतरायचं, आणि त्यावर हजार घरांचं वर्ष ठरायचं.

हे मोडून काढलं ते आपल्याच माणसांनी. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, आणि विनायक गोविंद पानसे. 1940 च्या दशकात या लोकांनी पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत देशभर उभी केली. गाव चिठ्ठी टाकल्यासारखं निवडायचं, शेत तसंच निवडायचं, शेतातला तुकडाही तसाच. मग दोरी लावून आखायचं, कापायचं, मळायचं, तोलायचं. अधिकाऱ्याला कुठलं शेत बरं दिसतं याला किंमत नाही. कृषीच्या पदवीला बसलेल्या प्रत्येकानं पानसे-सुखात्म्यांचं 1954 सालचं संख्याशास्त्राचं पुस्तक कधी ना कधी हातात धरलं असेल. आज पीकविम्याच्या भरपाईचा हिशोब ज्या पीक कापणीवर बसतो, तिच्या मुळाशी हीच मंडळी आहेत.

सुखात्म्यांची एक गोष्ट मला फार आवडते. 1946 साली त्यांनी दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का? तर आखणीच्या काठावर जे रोप येतं, ते आत धरायचं का बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा लहान तेवढा काठ जास्त, आणि काठ जास्त तेवढी चूक जास्त. म्हणजे माणूस शेतात गेला, प्रामाणिकपणे गेला, तरी चूक शिरते. पण ती शोधता येते, कारण काठ आहे, रोप आहे, हात आहे. परत जाऊन मोजता येतं. कॉम्प्युटरमधल्या शेतकऱ्याला काठच नाही. त्याचं उत्तर चुकलं हे तपासायला कुठल्या बांधावर जाणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पिकाची नजर पैसेवारी आपण चुकीची मानतो, तर शेतकऱ्याच्या मताची नजर पैसेवारी कशी चालेल? बुजगावण्याला विचारणं म्हणजे तेच. ऑफिसात बसून, डोक्यात आधीच असलेला शेतकरी.

फक्त हे डोकं कुणाचं ते बघा. ही मॉडेल शिकतात ती लिहिलेल्या मजकुरावर. आणि शेतीबद्दल लिहिलंय कुणी? विद्यापीठानं लिहिलं, खत कंपन्यांनी लिहिलं, वर्तमानपत्रांनी यशोगाथा लिहिल्या. 'पाच एकरांत पन्नास लाख' हे लिहिलं जातं. तीन साल कर्जात गेला आणि चौथ्या साली रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला लागला, त्याची यशोगाथा कोण लिहितो? तो तर मजकुरात जवळजवळ नाहीच. कांदा लावणाऱ्या बाया त्याहून नाहीत. माझी वहिनी आमच्या घरातलं निम्मं शेत बघते, खतं तिला कळतात, कुठल्या वाफ्यात पाणी तुंबतं तिला माहीत. तिनं आयुष्यात इंटरनेटवर एक ओळ लिहिलेली नाही. मॉडेलच्या हिशोबानं वहिनी जन्मालाच आलेली नाही.

आणि 'शिरूर-दौंडचा शेतकरी' असा एक माणूस असतो तरी का? मांडवगण फराट्याला नदीकाठचा ऊस आणि पाबळ-केंदूरला पाण्यासाठी डोळे आभाळाला. तालुका एकच, शिरूर. पलीकडं दौंडात केडगावकडं गुऱ्हाळं, म्हणजे ऊस कारखान्याला द्यायचा का गुऱ्हाळाला, हा प्रश्न तिथल्या माणसाच्या डोक्यात कायम. उजनीच्या फुगवट्याकडचा माणूस आणखी वेगळं बोलतो. यांची सरासरी काढली तर जो माणूस निघतो तो कुठल्याच गावात राहत नाही.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. परदेशात यावर बरंच संशोधन झालंय. 2023 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी दाखवलं की मॉडेलला माणसांची माहिती दिली तर ते अमेरिकी मतदारांच्या गटांसारखी उत्तरं देतं. त्यावरून हा धंदा जोरात निघाला. पण पुढच्याच साली दुसऱ्या संशोधकांनी तपासलं तर सरासरी जवळपास येते, मात्र माणसामाणसांतला फरक आटून जातो. प्रश्नाचे शब्द जरा बदलले की उत्तर बदलतं. हार्वर्डच्या मंडळींनी तर असं दाखवलं की ज्या देशाची संस्कृती अमेरिकेपासून जितकी लांब, तितकं मॉडेलचं उत्तर तिथल्या माणसांपासून लांब. आता अमेरिकेपासून न्हावरा किती लांब आहे ते तुम्हीच बघा.

भाच्यानं माझ्यावर उलटा डाव टाकला. म्हणाला, "मामा, तुम्ही आता सांगितलं ते सगळं मी त्याच्यात घालतो. लाईट, बराख, बिबट्या, सगळं. मग तो बरोबर बोलेल."

बोलेल, बाबा. स्टॅनफर्डमध्ये 2024 साली हेच केलं. 1,052 खऱ्या माणसांच्या प्रत्येकी दोन दोन तासांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यावरून त्यांच्या प्रतिकृती बनवल्या. तीच माणसं दोन आठवड्यांनी स्वतःच्या उत्तरांशी जितकी जुळली, त्याच्या 85 टक्के प्रतिकृती जुळल्या. आकडा चांगला आहे. पण त्यासाठी आधी हजार माणसांना दोन दोन तास बोलतं करावं लागलं. म्हणजे सगळ्यात भारी बुजगावण्यालाही आधी खरा शेतकरी लागतो. आणि माझ्यापुढं दोन तास बसल्यावर तुला बुजगावणं कशाला पाहिजे? बरं, घातलंस सगळं. पुढच्या साली निर्यातबंदी येईल, नवा रोग येईल, फीडर सोलरवर जाईल, तेव्हा तो अजून माझं गेल्या सालचंच बोलत बसेल. मी बदललेला असेन.

लिखाणावर माणूस ओळखायचा म्हटलं की मला आपलं करडे आठवतं. शिरूर तालुक्यातलंच. 1874 च्या डिसेंबरात तिथं सावकाराविरुद्ध गाव उभं राहिलं, बहिष्कार घातला. पुढच्या मे महिन्यात सुप्याला बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि पुणे-नगर भागात पसरला. लोकांनी काय केलं? बहुतेक ठिकाणी माणसं मारली नाहीत, खतं जाळली. खत म्हणजे कर्जाचा कागद. त्या कागदावर काय होतं? रयतेनं राजीखुशीनं कर्ज घेतलं, व्याज कबूल केलं, खाली नांगराची निशाणी. त्या काळी जर कुणी फक्त कागद वाचून शेतकऱ्याचं मत काढलं असतं, तर उत्तर आलं असतं की शेतकरी व्यवहारावर समाधानी आहे. लिखाण सगळं सावकाराच्या बाजूचं, कारण लिहिता त्यालाच येत होतं. सरकारनं कमिशन नेमलं, चौकशी झाली, लोकांच्या साक्षी झाल्या, आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा आला. तो कायदा पुरा पडला का हा वेगळा वाद. पण कागदापलीकडं माणूस आहे हे इंग्रजालाही मान्य करावं लागलं.

त्याच इंग्रजी राजवटीत पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनी दख्खनच्या एका गावाचा अभ्यास 1917 साली छापला, पिंपळे सौदागरचा. आज तिथं टॉवर आहेत. दुसऱ्या अभ्यासाला त्यांनी आणि कानिटकरांनी कोरडवाहू गाव घेतलं, आपल्या तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक, पुस्तक 1921 चं. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, घर चालतं का, हे गावात जाऊन मांडलं. तेव्हा पुण्याहून जातेगावला यायला काय लागत असेल विचार करा. आज हिंजवडीहून दोन तासांत येता येतं, तर म्हणे परवडत नाही.

परवडत नाही, हा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. खरा सर्व्हे महाग असतो. आणि खरं बोलायचं तर खरे सर्व्हे आपल्याकडं किती खरे होते? एका झाडाखाली बसून चाळीस फॉर्म भरणारे आपण पाहिलेत. ज्या बिचाऱ्याला त्याच महिन्यात पंधरा कामं लावली, तो तरी काय करणार. आपणही काही हरिश्चंद्र नाही. सरकारी माणूस आला की उत्पन्न निम्मं सांगतो, खर्च दीडपट. बँकेचा आला की उलटं. अ‍ॅपवाला आला की काहीतरी फुकट मिळेल म्हणून सगळं छान सांगतो. पण आपण कुणाजवळ काय लपवतो, यातच आपली अडचण दिसते. जाणता कृषी सहायक आपल्या खोट्या उत्तरातून खरं काढतो. बुजगावणं खोटं बोलत नाही, कारण त्याचं काही अडलेलं नाही. त्याला कर्ज नाही, सोसायटीची नोटीस नाही, मुलीचं लग्न नाही.

कुठं वापरावं, तेही सांगतो. प्रश्नावली तयार केली, भाषा बोजड झाली का, एकच प्रश्न दोनदा आला का, हे बघायला खुशाल वापरा. नव्या पोरांना मुलाखतीचा सराव करायला वापरा. पेरणीयंत्र आधी रिकामं फिरवून बघतोच की आपण. पण रिकाम्या फेरीला पेरणी म्हणू नका.

शास्त्रज्ञ मंडळींनी हे तर लगेच ओळखायला पाहिजे. पिकाची कॉम्प्युटर मॉडेल तुमच्याकडं कित्येक वर्षं आहेत, चांगली आहेत. तरी कुठला वाण तुम्ही मॉडेलवर प्रसारित करता? अनेक ठिकाणी चाचण्या, तीन तीन हंगाम, मग शेतकऱ्याच्या शेतावर. आणि तिथंही शेतकरी तुम्हाला चकित करतो. फुले 265 उसाचं आठवा. पाडेगावचा वाण, 2007 ला आला. साखरेच्या कारणानं काही कारखाने नोंद घ्यायला नाखूष होते. शेतकऱ्यानं टनेज बघितलं, खोडवा बघितला, चोपण जमिनीत कसा येतो ते बघितलं, आणि लावला. त्या वेळी 'शेतकरी' म्हणून कुणी बुजगावणं विचारलं असतं, तर त्यानं कारखान्याचं धोरण वाचून नको म्हटलं असतं.

हे आत्ताच का लिहितोय? कारण पैसा आत्ता येतोय. राज्याचं शेतीतल्या एआयचं धोरण 2025 च्या जूनमध्ये मंजूर झालं, पहिल्या तीन वर्षांना 500 कोटी. महाविस्तार अ‍ॅप आलं. शेजारी बारामतीला उसातला एआयचा प्रयोग चालू आहे, तिथं निदान सेन्सर खऱ्या मातीत रोवलेत. या सगळ्याला माझा विरोध नाही, मीही हवामानाचा अंदाज मोबाईलवरच बघतो. पण आता शंभर कंपन्या अ‍ॅप घेऊन रांगेत उभ्या राहतील, आणि प्रत्येकीच्या प्रस्तावात एक पान असेल, 'शेतकऱ्यांशी चर्चा केली.' तो शेतकरी कोण, हे त्या पानावर लिहिलेलं पाहिजे. किती माणसं, कुठली गावं, कुठला महिना, त्यात बाया किती, भाषा कुठली, कुणी विचारलं. कॉम्प्युटरला विचारलं असेल तर तसं लिहा, आणि त्याला 'शेतकऱ्यांचं मत' म्हणू नका. मंजुरी देणाऱ्या साहेबांनी हे पान नसेल तर फाईल परत पाठवावी. आणि विचारायला याल तेव्हा माणसाचा अर्धा दिवस जातो, त्याची मजुरी द्या. कांदा लागणीला बाईला आज जो रोज पडतो तो तरी द्या. फुकट उत्तर फुकटच्याच लायकीचं मिळतं.

लोकांच्या खऱ्या प्रश्नांचा तोटा आहे असंही नाही. 2004 पासून किसान कॉल सेंटर चालू आहे, 1800-180-1551. शेतकरी स्वतःच्या पैशानं नसला तरी स्वतःच्या गरजेनं फोन करतो. ते प्रश्न नोंदलेले आहेत. शिवाय औषधाच्या दुकानात एक सकाळ नुसतं उभं राहा. काय विचारतात, कशाच्या चिठ्ठ्या आणतात, उधारीवर काय नेतात. एका सकाळीत पन्नास बुजगावण्यांपेक्षा जास्त कळेल.

भाच्याला मी म्हटलं, मुक्काम कर. रात्री साडेअकराला लाईट आली. त्याला गमबूट दिले, बॅटरी दिली, फटाके खिशात घातले. वहिनी, मी आणि तो असे तिघं गेलो. मोटार चालू करून वाफ्यावर आलो तर याच्या मोबाईलला रेंज नाही. त्याच्या अ‍ॅपमध्ये पाण्याची सूचना रेंज असेल तरच येते. पुढं वहिनी बारं देत होती, हातात खोरं, हात कोपरापर्यंत चिखलाचे. तो तिला म्हणाला, "मामी, पाणी दिलं की इथं टिक करायची." वहिनीनं दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. काही बोलली नाही. त्यानं वही काढली.

दोन वाजेपर्यंत त्यानं तिला चौदा प्रश्न विचारले. त्यातले नऊ पन्नास जणांच्या अहवालात नव्हते, असं तोच म्हणाला. येत्या रविवारी तो पाबळला आणि मग नदीपलीकडं पारगावला जाणार आहे, कंपनीनं गाडीभाडं दिलं तर. नाही दिलं तर माझी मोटारसायकल नेतो म्हणाला. टाकीत पेट्रोल त्यानं टाकायचं ठरलंय.

उद्या तिसऱ्या सरीची लागण आहे. रोपं थोडी कमी पडतायत, गरव्या कांद्याची कुणाकडं उरली असतील तर सांगा.